पुढचे ब्रेक पॅड घरी बदलले, आता गाडी किंचाळतेय (मारुती ८००, २००६)

आठशेवाला | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, घरात आता गाडीचा विषय काढायची सोय उरलेली नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

गाडी मारुती ८००, २००६ची, एमएच ०८ (रत्नागिरी). बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. पुढे डिस्क, मागे ड्रम. मीटरवर १ लाख १२ हजार. पुढच्या महिन्यात पुन्हा पासिंगला न्यायचीय, त्याआधी पुढचे पॅड बदलून घ्यायचे ठरवले. नेहमीचा मिस्त्री गणपतीला गावी गेलेला, आणि मी तीन व्हिडिओ बघून स्वतःला मिस्त्री समजायला लागलेलो.

काम तसं नीट झालं, असं मला वाटत होतं. चाक काढलं, कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालचा बोल्ट सोडून कॅलिपर वर उचलला, जुने पॅड काढले (चिकटले होते, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटावे लागले), पिस्टन शिकंज्याने मागे दाबला, नवे पॅड बसवले, पिनांना ग्रीस लावलं, परत बांधलं. दोन्ही बाजू मिळून साडेतीन तास. पेडल पंप केलं, कडक झालं. गल्लीत फेरी मारली, गाडी थांबली. मी खूश.

दुसऱ्या दिवसापासून आवाज. हळू वेगात ब्रेक हलका दाबला की चींऽऽऽ. मारुती मंदिरच्या सर्कलला रिक्षावाले माना वळवून बघतात. जोरात दाबला तर येत नाही. शिवाय एक दुसरा आवाज, खर्र खर्र, तो ब्रेक न दाबताही मधूनमधून येतो. "नवे पॅड आहेत, बसतील" म्हणत पंधरा दिवस काढले. रोजचं येणं-जाणं ४० किमी. चीं कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय.

पॅड डुप्लिकेट निघाले का? अजून थांबू का? पुढच्या शनिवारी आंबा घाटाने कोल्हापूरला जायचंय, सासुरवाडी. बायको म्हणते या आवाजात ती गाडीत बसणार नाही.

---

पानाबहाद्दर | रात्री ९:३०

पहिला प्रतिसाद माझा. :)

बेडिंग केलंत का? नवा पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांच्या ओळखीचे नसतात. मोकळ्या रस्त्यावर ५०च्या वेगावरून मध्यम दाबाने १०पर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा, मधे जरा वारा लागू द्यायचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि आवाज जातो. माझ्या झेनचा असाच गेला होता.

---

कट्टा_क्रमांक_४ | रात्री ९:४१

सोप्पं आहे. पॅडच्या तोंडाला दोन थेंब इंजिन ऑइल. आवाज गायब.

---

पानाबहाद्दर | रात्री ९:४२

गाडीही गायब. थेट दरीत.

---

तिठ्यावरची | रात्री ९:४४

कट्टा, हा विनोद असेल तर खाली तसं लिही रे. उद्या कोणीतरी अर्धवट वाचून खरंच ओतेल. पॅड तेल पितो, आणि एकदा प्यायलेला पॅड धुऊन निघत नाही, फेकावाच लागतो.

---

कट्टा_क्रमांक_४ | रात्री ९:५०

विनोदच होता. वाचणाऱ्यांनो, ऑइल लावू नका. झालं समाधान?

---

सरळमार्गी | रात्री १०:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ब्रेक ही घरी खेळायची गोष्ट नाही. वायपर बदला, एअर फिल्टर बदला, हौस भागवा. ब्रेकमध्ये चूक झाली तर रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव जातो, त्याने तुमचे तीन व्हिडिओ बघितलेले नसतात. मिस्त्रीच्या मजुरीत किती वाचले? तीनशे?

---

आठशेवाला | रात्री १०:१२

पैशासाठी नव्हतं हो केलं. बाबा ही गाडी स्वतः उघडायचे. त्यांचा पान्यांचा डबा अजून तसाच आहे. पण तुमचा मुद्दा पटतोय, म्हणूनच विचारतोय.

---

डेपोकाका | रात्री १०:४०

एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. तिथे हवेचे ब्रेक, तुमच्याकडे तेलाचे, पण आवाजाची भाषा एकच. उपाय नंतर. आधी सांगा:

चीं डावीकडून की उजवीकडून? ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का? सकाळी गाडी थंड असताना जास्त, की दहा किलोमीटर चालल्यावर? खर्र चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो की सलग? वळण घेताना बदलतो का? गाडी न्यूट्रलला सोडली तर पूर्वीसारखी घरंगळते का?

आणि हे पॅडशी संबंधित नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. चाक काढल्यावर गाडीखाली घोडी (जॅक स्टँड) लावली होती ना?

---

आठशेवाला | रात्री ११:०२

काका, उत्तरं:

आवाज डावीकडून, काच खाली केली की नक्की कळतं. ओढतं, किंचित डावीकडे. सकाळी पहिले दोन किमी शांत, मग सुरू, ऑफिस येईपर्यंत जोरात. खर्र चाकाबरोबर, वेग वाढला की त्याची लय वाढते. वळणावर फरक नाही. घरंगळण्याचं लक्ष दिलं नाही, उद्या बघतो.

घोडी नव्हती. जॅक आणि शेजारी जांभ्याचा चिरा.

---

डेपोकाका | रात्री ११:०९

चिरा वजन घेतो तो आडवा, भिंतीत, आणि सगळीकडून सारखा दाब असेल तेव्हा. एका टोकावर गाडीचं वजन आलं की जांभा बिस्किटासारखा फुटतो, आधी इशारा देत नाही. पुढच्या वेळी दोन घोड्या विकत किंवा मागून आणा, नाहीतर गाडीखाली हात घालू नका. बाकीचं उद्या.

---

तिठ्यावरची | रात्री ११:२०

खर्रचं मी सांगते, पैज लावून. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं, धूळ-चिखल अडवायला. तुम्ही स्क्रूड्रायव्हर घालून पॅड उचकटलेत ना? तेव्हा तो पत्रा वाकला. कुठेतरी डिस्कला टेकतोय. चाक हाताने फिरवा आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला चकचकीत ओरखडा दिसतो का बघा. दिसला तर अंगठ्याने मागे दाबा, खेळ खलास. माझ्या गाडीत पत्रा आणि डिस्कच्या मधे लाल खडा अडकला होता, आवाज अगदी हाच. चौकुळच्या रस्त्यावर मला वाटलं बेअरिंग गेलं.

बेअरिंगचा आवाज वेगळा असतो, तो घुमतो आणि वळणावर बदलतो. तुमचा बदलत नाही म्हणून बेअरिंग मी सोडून दिलं.

चींबद्दल मला एकच विचारायचंय. जुन्या पॅडच्या पाठीला पातळ पत्रे होते का? ते नव्यांना लावलेत?

---

आठशेवाला | रविवार, सकाळी ७:३५

होते. काळे पडलेले, गंजलेले. मला वाटलं जुन्या पॅडचाच भाग आहे. जुन्या पॅडसकट भंगारच्या पिशवीत टाकले.

---

मिशिगनकर | रविवार, सकाळी ७:५८

इकडे शनिवार रात्र आहे, झोप येत नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

चीं म्हणजे कंपन. पॅड डिस्कला घासताना एकसारखा घासत नाही, चिकटतो-सुटतो-चिकटतो, सेकंदाला हजारो वेळा. ते कंपन पॅडच्या लोखंडी पाठीतून पिस्टनला आणि कॅलिपरला जातं आणि सगळा जोड घंटेसारखा वाजतो. जोरात दाबलं की पॅड घट्ट आवळला जातो, हलायला जागा राहत नाही, म्हणून आवाज बंद. हलक्या दाबावर जागा असते. तुमचं वर्णन तंतोतंत जुळतं. पाठीचा तो पत्रा लोखंड आणि लोखंडाच्या मधे गादीसारखा असतो. गादी काढलीत, घंटा वाजली.

काही पॅडना बाजूला एक वाकडी पट्टीही असते. पॅड २-३ मिमी उरला की ती डिस्कला टेकून मुद्दाम किंचाळते, म्हणजे मालकाने ऐकावं. आतला-बाहेरचा पॅड अदलाबदल झाला किंवा पट्टी वाकली तर नव्या पॅडलाही ती वाजते. तेही बघून घ्या.

सरळमार्गींना: इकडे गॅरेजचे दर ऐकलेत तर तुम्हीही पाना हातात घ्याल. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात गाडीखालचं सगळं गंजून एकजीव होतं. माझ्या कॉलनीतले अर्धे लोक रविवारी ड्राइव्हवेत पॅड बदलताना दिसतात. फक्त त्यांच्याकडे घोड्या असतात. :)

---

सरळमार्गी | सकाळी ८:२०

मिशिगनमधल्या अर्ध्या लोकांच्या मागे मी स्कूटर चालवत नाही. आठशेवाल्यांच्या मागे उद्या असू शकतो. तरी गादीचं स्पष्टीकरण आवडलं.

---

पानाबहाद्दर | सकाळी ८:४५

माझ्या बेडिंगला कोणी भाव देईना. ठीक आहे.

---

डेपोकाका | सकाळी ९:३०

बाईंचं खर्रबाबतचं बरोबर वाटतंय. मिशिगनकरांचं पत्र्याबाबत बरोबर. पण तेवढ्यावर थांबू नका. कारण नुसतं पाठीचा पत्रा नसण्याचं असतं तर दोन्ही बाजू वाजल्या असत्या, कारण दोन्हीकडचे पत्रे यांनी फेकलेत. इथे डावीच वाजते, डावीकडेच ओढते आणि चालून गरम झाल्यावर वाढते. नवा पॅड बसत असेल तर आवाज दिवसागणिक कमी व्हायला हवा, यांचा वाढलाय. पानाबहाद्दर, म्हणून तुमचं बेडिंग मी बाजूला ठेवलं, वाईट वाटून घेऊ नका.

माझ्या मते डावा ब्रेक सुटतच नाहीये. पेडलवरून पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो.

तपासायला पाना लागत नाही. पाच-सहा किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक न लावता, शेवटी घाटीवर आपोआप थांबू द्या. उतरा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ पालथा हात न्या. जवळ न्या, लावू नका. एक बाजू भट्टीसारखी आणि दुसरी कोमट असेल तर समजा.

---

आठशेवाला | दुपारी १२:१०

काका, सलाम.

आधी खर्र. तिठ्यावरची, पैज जिंकलात, पत्र्यावर अर्धचंद्रासारखा चकचकीत ओरखडा. अंगठ्याने दाबला, आवाज बंद. आंबा वड्या पाठवतो.

मग काकांची परीक्षा. भाट्याच्या पुलापलीकडे जाऊन आलो, जवळजवळ ब्रेक न लावता. उजवं चाक कोमट. डाव्याजवळ हात नेला तर चुलीपुढे बसल्यासारखं. आकडा हवा म्हणून कोरोनातली कपाळाची बंदूक आणली आणि फटीतून डिस्कवर धरली. उजवीकडे काहीतरी फालतू आकडा दाखवला, डावीकडे पडद्यावर इंग्रजीत नुसतं "हाय". बायको म्हणाली, निदान ती तरी प्रेमाने बोलतेय तुमच्याशी.

(बंदूक माणसाच्या तापासाठीच बनवलेली, ४२-४३च्या वर हात टेकते, हे नंतर डब्यावर वाचलं.)

---

कट्टा_क्रमांक_४ | दुपारी १२:१५

हाहाहा, या धाग्याची वाखु (वाचनखूण) साठवली.

---

तिठ्यावरची | दुपारी १२:३०

वड्या आंब्याच्या नकोत, कोकमाचं आगळ पाठवा.

आता एक प्रश्न, खरं उत्तर द्या. पहिल्या पोस्टमध्ये "पिनांना ग्रीस लावलं" असं एका ओळीत उरकलंय. कुठलं ग्रीस?

---

आठशेवाला | दुपारी १२:४४

पिवळं.

---

तिठ्यावरची | दुपारी १२:४५

पिवळं म्हणजे?

---

आठशेवाला | दुपारी १२:५१

विहिरीच्या पंपाच्या बेअरिंगसाठी आणलेलं होतं, अर्धा डबा उरला होता. डब्यावर "सर्व कामांसाठी" असं लिहिलेलं आहे हो.

---

डेपोकाका | दुपारी १:१५

सापडलं.

जेवून घ्या सगळे, मग लिहितो. घाईचं नाही, फक्त आता ती गाडी घेऊन बाहेर पडू नका.

---

डेपोकाका | दुपारी ३:०५

तुमच्या कॅलिपरला पिस्टन एकच, आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. पाय काढला की पुन्हा किंचित सरकून दोन्ही पॅड मोकळे. म्हणजे सगळा खेळ त्या दोन पिना सरकण्यावर. त्यांच्यावर रबरी बूट असतात, आणि बऱ्याच गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबराची नळीही असते.

ब्रेकमधलं रबर खनिज तेल सोसत नाही. पंपाचं पिवळं ग्रीस खनिज तेलाचं. ते रबरात मुरतं, रबर फुगतं. फुगलेली नळी भोकात गच्च बसते, पिन सरकत नाही, कॅलिपर मागे येत नाही. पॅड घासत राहतो, तापतो, त्याच्या तोंडावर काचेसारखी चकाकी येते आणि काच किंचाळते. वर पाठीचे पत्रे नाहीत, म्हणजे आवाजाला रान मोकळं.

उजवीकडे पण तेच ग्रीस आहे. ती बाजू आज ना उद्या अडकेल, फक्त तिचा नंबर अजून आलेला नाही.

पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लागतं, छोट्या पुडीत मिळतं. याच कारणाने ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काही लावायचं नाही. आमच्याकडे एक पोरगा नवीन आलेला, त्याने रबराच्या वॉशर्या रॉकेलमध्ये धुऊन ठेवल्या. सकाळी आल्या तर पुऱ्या झालेल्या.

---

मिशिगनकर | दुपारी ३:२०

काका, तुमच्या वर्कशॉपवर स्वतंत्र धागा काढा, विनंती.

---

सरळमार्गी | दुपारी ३:४०

डब्यावर "सर्व कामांसाठी" लिहिलेलं असतं, पण कुठल्या कामासाठी नाही ते कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. मिस्त्रीला ते ठाऊक असतं. मी काल एवढंच म्हणत होतो.

---

पानाबहाद्दर | दुपारी ४:००

मिस्त्रीला ठाऊक असतं हे गृहीत का धरता? मी स्वतः बघितलंय, एका नाक्यावरच्या गॅरेजात सगळ्याला एकच डबा. पिनेला तोच, बॅटरीच्या टोकांना तोच, दाराच्या बिजागरीला तोच. ज्याला आपण काय लावतोय हे कळतं त्याने करावं, मग तो घरचा असो की गॅरेजचा.

---

आठशेवाला | संध्याकाळी ६:३०

उघडलं. शेजाऱ्यांकडून घोड्या आणल्या, काका, शपथेवर.

डावीकडची वरची पिन हाताने सरकते. खालची जागची हलत नव्हती. फिरवत-फिरवत अर्ध्या तासाने बाहेर आली, टोकाची रबरी नळी फुगून नळाच्या जुन्या वॉशरसारखी झालेली. आतल्या पॅडची एक कड दुसरीपेक्षा चांगली एक मिलिमीटर खाली, म्हणजे तिरका झिजलाय. तोंड आरशासारखं. डिस्कवर निळसर झाक. उजवीकडची पिन सरकतेय, पण तिचंही रबर मऊ, चिकट झालंय.

एवढ्या पंधरा दिवसांत? मला खरंच वाटलं नव्हतं.

आता काय काय करू? आणि तेल पण बघा, टाकीतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. शेवटचं कधी बदललं ते बाबांनाच माहीत असणार.

---

डेपोकाका | संध्याकाळी ७:१०

पिनांचा किट घ्या, दोन्ही बाजूंचा, बूट आणि नळीसकट. महाग नसतो. पिनेची भोकं आतून पुसून काढा, पिवळ्याचा मागमूस राहता कामा नये. ब्रेक क्लीनरचा स्प्रे चिंधीवर मारून चिंधी काडीला गुंडाळा. मग सिलिकॉन ग्रीस, पातळ थर. भोक भरून टाकलं तर हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते.

पॅड तिरका झिजला तो गेला. नवा सेट, आणि पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम. पाठीचे पत्रे असलेला सेट मागा, दुकानदार "चालतं हो" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये जिथे सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा. पॅड बोटांनी सरकला पाहिजे. पिस्टनही तपासा: हळू मागे दाबा, सरळ जातो का, त्याच्या भोवतीचं रबर फाटलंय का.

डिस्कला हात फिरवा. काठाला गंजाची कड उभी राहिली असेल तर नवा पॅड तिच्यावर चढून वाजतो, ती कड घासून काढा. जाडी मोजा. किमान जाडी बऱ्याचदा डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली असेल तर लेथवर मारायला नेऊ नका, नवी घ्या. निळी झाक फिकट असेल आणि पेडल थरथरत नसेल तर तोंड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल-गोल घासून घ्या, चालेल.

धूळ तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपनेही नको. जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असायचा. आम्ही वर्षानुवर्षं फुंकलं. ओल्या फडक्याने पुसा, नाकावर कापड बांधा.

---

मिशिगनकर | संध्याकाळी ७:३५

तेलाबद्दल मी. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, आणि कोकणात आर्द्रतेला काय तोटा. कोरडं ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी पिऊन पिऊन ते १४०पर्यंत खाली येतं. डॉट ४ ताजं २३०, ओलं १५५. घाटात उतरताना एक चाक असं भट्टीसारखं घासत राहिलं तर कॅलिपरमधलं तेल उकळतं, बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो पण दाब पुढे नेत नाही. पेडल तळाला जातं. तुमचा आंबा घाट डोळ्यांसमोर आला म्हणून लिहिलं.

झाकणावर जे लिहिलंय तेच तेल घ्या. डॉट ५ नावाचं एक येतं, ते सिलिकॉनचं, तुमच्या तेलात मिसळत नाही. ४ आणि ५ जवळचे आकडे म्हणून घेऊ नका. सीलबंद डबा घ्या, मागच्या वर्षीचा उघडा डबा नको. आणि रंगावर सांडू नका, रंग सोलतो.

तेल बदलून चारी चाकांची हवा काढायला मात्र पेडलवर दुसरा माणूस लागतो.

---

आठशेवाला | संध्याकाळी ७:५०

दुसरा माणूस मला दुपारपासून "हाय" म्हणतोय. विचारून बघतो.

---

सरळमार्गी | रात्री ८:१५

हवा काढायचं काम तरी मिस्त्रीकडे द्या. तो गावाहून आला असेल आता. बाकी तुम्ही करा, मी काही बोलत नाही.

---

आठशेवाला | गुरुवार, रात्री १०:२०

उशीर झाला, किट रत्नागिरीत मिळाला नाही, मागवावा लागला.

सरळमार्गींचं ऐकलं. पिना, पॅड, डिस्क घासणं माझं. तेल आणि हवा काढणं मिस्त्रीचं, तो सोमवारी आला. त्याने फुगलेली नळी हातात घेऊन उलटसुलट केली आणि "कोणी केलं हो हे?" म्हणून विचारलं. मी "एका ओळखीच्याने" म्हणालो. मागच्या ड्रमही त्यानेच उघडल्या. एका बाजूला शू जिथे पत्र्यावर सरकतात तिथे खळगे पडले होते, तेही घासून घेतले.

उघडलं ते दाखवतो म्हटलं, पण फोटो चढत नाहीयेत. डावी पिन आता बोटाने दाबली की आत, सोडली की जागेवर. चाक उचलून हाताने फिरवलं तर अडीच-तीन फेरे मोकळं फिरतं. आधी अर्धा फेराही घेत नव्हतं.

पानाबहाद्दर, मग तुमचं बेडिंग केलं. पावसला जाणाऱ्या रस्त्यावर, पहाटे साडेपाचला, दहा वेळा. आठव्यानंतर जरा जळका वास आला, मिस्त्री म्हणाला पहिल्यांदा येतो. आता पूर्ण शांत आहे. फक्त रात्रभर पाऊस पडला असेल तर सकाळचा पहिला ब्रेक खरखरतो.

---

डेपोकाका | रात्री १०:४५

तो डिस्कवरचा रात्रीचा गंज. दोन-तीन ब्रेकमध्ये पुसला जातो. पावसाळाभर येणार, त्याला औषध नाही आणि गरजही नाही.

शनिवारी घाटात नेणार का?

---

आठशेवाला | रात्री १०:५२

नाही काका. नवे पॅड आणि पहिलाच मोठा उतार एकदम नको म्हटलं. तुमच्या एसटीने जातोय, तिकीट काढलंय. गाडी पुढच्या महिन्यात नेईन, दुसऱ्या गिअरमध्ये.

---

डेपोकाका | रात्री १०:५५

खिडकी डावीकडची घ्या.

---

पानाबहाद्दर | रात्री ११:१०

अखेर बेडिंग. आभार. :)

---

सरळमार्गी | शुक्रवार, सकाळी ८:०५

मिस्त्रीला खरं सांगा. पुढच्या वेळी "ओळखीच्याने" काय लावलंय हे त्याला माहीत असलं पाहिजे.

---

आठशेवाला | साडेतीन महिन्यांनी, रविवार, सकाळी ११:४०

धागा वर आणतोय. पासिंग झालं, ब्रेकबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मिस्त्रीलाही खरं सांगितलं. तो म्हणाला, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं, तुमच्या नखांत पिवळं होतं."

आज चाकं काढून पॅड मोजले, बाबांच्या डब्यातल्या व्हर्नियरने. साधारण ४,२०० किमी झालेत, त्यात आंबा घाट दोनदा. डावा आतला ९.१ मिमी, डावा बाहेरचा ९.२. उजवा आतला ९.०, बाहेरचा ९.२. दोन्ही कडांना सारखेच.

पिवळ्या डब्यावर मार्करने "फक्त पंप" लिहून ठेवलंय. तिठ्यावरची, आगळाची बाटली सोमवारी निघतेय, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.